एक्स-रे विभागातल्या फौजीला ब्लड कॅन्सर आणि डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर : डोसची नोंद कुठं मागायची?

उदगीरची_लेक

नमस्कार. विषय माझ्या वडिलांचा आहे, पण मराठवाड्यातल्या आणखी बऱ्याच घरांना लागू पडेल म्हणून सविस्तर लिहितेय.

बाबा १९८७ ला आर्मी मेडिकल कोअरमध्ये भरती झाले. ट्रेड रेडिओग्राफर. २०११ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा मेडिकल कॅटेगरी शेप-वन, म्हणजे अंगात काही दोष नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं त्याच दिवसांत, त्यांना डाव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं, जेवण जाईना. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या. निदान निघालं सीएमएल, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. तेव्हापासून रोज इमॅटिनिबची गोळी चालू आहे. ती ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मिळते आणि तब्येत सावरली आहे. त्यामुळं उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पेन्शनच्या कागदाबद्दल. डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा आम्ही टाकला, मेडिकल बोर्ड झालं, आणि उत्तर आलं दोन ओळींचं: आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेला नाही, कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर, म्हणजे शरीराच्या मूळ घडणीतूनच आलेला आहे. वर ट्रेडच्या रकान्यात रेडिओग्राफर असं लिहिलंय. पण हा माणूस एवढी वर्षं कसल्या खोलीत उभा राहून काम करत होता, याचा कारणांच्या रकान्यात एक शब्द नाही.

काम कसं चालायचं ते सांगते. फील्ड हॉस्पिटलात पोर्टेबल मशीन असायचं आणि खोली म्हणजे तंबू. शिशाची भिंत वगैरे काही नाही. मांडीचं हाड मोडलेला जवान आला की फिल्म निघेपर्यंत त्याचा पाय कोणीतरी धरून ठेवावा लागतो. दुसरं माणूस मोकळं नसलं की बाबा एका हातानं पाय धरायचे आणि दुसऱ्या हातानं लांब वायरचं बटण दाबायचे. शिशाचा एप्रन एकच. तो खाटेच्या दांडीवर दुमडून टाकलेला असायचा. जिथं दुमड पडते तिथं आतलं शिसं भेगाळतं, बाहेरून कापड मात्र धड दिसतं. बाबांनी एकदा त्या एप्रनचाच एक्स-रे काढला. डार्करूममध्ये फिल्म धुऊन उजेडावर धरली तर दुमडीच्या जागी काळी रेघ. म्हणजे किरण तिथून सरळ आरपार जात होते. त्यांनी वर कळवलं, पण नवा एप्रन यायला फार काळ गेला आणि तोवर तोच वापरला.

छातीवर टीएलडी बॅज असायचा, अंगावर किती किरण पडले तो डोस मोजणारा. दर तीन महिन्यांनी जुने बॅज जमा व्हायचे, नवे यायचे. त्यावर किती आकडा आला हे बाबांना आजवर कोणीही सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तो आकडा सरकारच्या ताब्यात आहे. तो न बघता "सेवेशी संबंध नाही" असं लिहायचा बोर्डाला अधिकार नाही. आणि आकडा सापडतच नसेल, तर नोंद ठेवायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी शंकेचा फायदा सैनिकाला दिला पाहिजे. अशा दाव्यातून कोणी गेलं असेल तर कृपया लिहा.

सुभेदार_परभणी

ताई, आधी तुझ्या बाबांना जयहिंद सांग. मी ईएमईतून, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या कोअरमधून निवृत्त झालो, आता गावाकडं आल्यावर पोरांचे आणि वीरनारींचे कागद बघतो. लै जणांचं असंच होतं. बोर्डाच्या फॉर्मवर "एनएएनए" म्हणजे नाही अ‍ॅट्रिब्युटेबल, नाही अ‍ॅग्रवेटेड, एवढं लिहिलं की फाईल बंद. माणूस म्हणतो साहेबांनी लिहिलंय म्हणजे असंल खरं, आणि गप बसतो.

गप बसू नका. सुप्रीम कोर्टाचा धरमवीर सिंग निकाल आहे, जुलै २०१३ चा. भरती होताना कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो माणूस निरोगी होता असंच धरायचं, पुढं आजारामुळं सेवा सोडावी लागली तर तो आजार सेवेतून आला असं धरायचं, आणि तसं नाही म्हणायचं असेल तर कारण बोर्डानं द्यायचं. नुसता शिक्का मारून चालत नाही.

आता घरात बसून काय करता येईल ते सांगतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आणि बाबा कुठल्या कुठल्या युनिटमध्ये किती काळ होते त्याची यादी काढा. तारखा आठवत नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डरच्या, म्हणजे पोस्टिंग-बदल्यांच्या नोंदी मागवा. "रेडिओग्राफर म्हणून प्रत्यक्ष काम केलं" हे पोस्टिंगवरून दिसलं पाहिजे. कारण काही वेळा ट्रेड एक आणि माणसाला ठेवलेलं स्टोअरात, असंही असतं.

पैशाचं म्हणाल तर शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के एवढा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा वाटा असतो, कमी टक्क्यांना त्या प्रमाणात कमी. फार मोठी रक्कम नाही. पण हक्क आहे.

डॉक्टर_अंबाजोगाई

सीएमएल आहे हे फार महत्त्वाचं आहे. अपील लिहिताना "ब्लड कॅन्सर" असं मोघम लिहू नका. सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, हा किरणोत्सर्गाशी जोडला जात नाही आणि जगभरच्या भरपाईच्या नियमांत तो बहुधा वगळलेला असतो. सीएमएल मात्र जोडला जातो. तुमच्या रिपोर्टमध्ये फिलाडेल्फिया क्रोमोसोम किंवा बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह असा शब्द असेल (ही सीएमएलची जनुकीय खूण आहे), ते पान वरती लावा.

हिरोशिमा-नागासाकीच्या वाचलेल्या लोकांचा अनेक दशकं अभ्यास झाला. त्यात ल्युकेमिया सगळ्यात आधी दिसला. दोन-तीन वर्षांत वाढ सुरू झाली, सहा ते आठ वर्षांच्या सुमारास सगळ्यात जास्त होती, मग हळूहळू उतरली. फुप्फुस, स्तन, जठर अशा गाठींच्या कॅन्सरला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सीएमएल किरणांशिवायही होतो. पेशीकडं बघून हा एक्स-रेमुळे झाला की आपोआप झाला, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. सांगता येते ती शक्यता, आणि ती काढायला डोस लागतो. त्यामुळं डोस न बघता "संबंध आहे" म्हणणं जितकं अर्धवट, तितकंच "संबंध नाही" म्हणणंही अर्धवट. तुमच्या बाबांच्या बोर्डानं दुसरी गोष्ट केली आहे.

एक्सरेवाला_जालना

ताईंच्या दुःखाचा मान ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मी स्वतः एक्स-रे सेंटर चालवतो. माझ्या बॅजचा रिपोर्ट बहुतेक वेळा शून्याच्या आसपास येतो. अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) आहे, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. नीट काम करणारा टेक्निशियन त्याच्या जवळपासही जात नाही. रेडिओग्राफर होता म्हणून कॅन्सर झाला असं धरलं तर तालुक्या-तालुक्यातले आम्ही सगळेच त्या रांगेत येऊ. उगाच भीती पसरू नये एवढंच.

उदगीरची_लेक

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि माझा मुद्दा त्यातूनच पक्का होतो. तुमचा रिपोर्ट तुमच्या हातात येतो, म्हणून तुम्ही खात्रीनं शून्य म्हणू शकता. बाबांचा रिपोर्ट शून्य असेल तर तो दाखवावा. आम्ही तो वाचू, डॉक्टरांना दाखवू आणि जे असेल ते मान्य करू. पण तुम्ही भिंतीआडून बटण दाबता. तंबूत जखमीचा पाय धरून काम करणाऱ्याचा आकडा तुमच्या आकड्यावरून ठरवता येणार नाही.

एक्सरेवाला_जालना

हे बरोबर आहे ताई. भिंत नसली आणि पेशंट धरावा लागला तर हिशोबच बदलतो. मग माझ्याकडून एक उपयोगाची गोष्ट घ्या. टीएलडी बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात, किरण लागले की त्या ऊर्जा साठवतात. प्रयोगशाळेत तापवल्या की उजेड देतात, तो मोजून डोस काढतात. हा आकडा नुसता हॉस्पिटलच्या रजिस्टरात राहत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राकडं देशभरातल्या बॅजवाल्यांच्या डोसची राष्ट्रीय नोंदवही आहे. संस्थेचा नंबर आणि माणसाचा पर्सनल नंबर यावरून नोंद शोधतात. बाबांच्या डायरीत, जुन्या ओळखपत्रामागं, कुठं तो नंबर लिहिलेला असला तर शोधा. बॅज एप्रनच्या आत लावायचे की बाहेर, हेही त्यांना विचारून लिहून ठेवा. नियमानं तो आत, छातीवर लावायचा. एप्रनच्या भेगेतून मांडीवर किंवा ओटीपोटावर किरण गेले असतील तर छातीवरच्या बॅजला ते कळणार नाही.

डॉक्टर_अंबाजोगाई

आणि मोठ्या माणसात रक्त तयार करणारा मगज (अस्थिमज्जा) मुख्यतः कमरेच्या हाडांत, मणक्यांत, बरगड्यांत आणि छातीच्या हाडात असतो. एप्रनची दुमड कुठल्या उंचीवर येत होती, हे बाबांच्या जबानीत जरूर घ्या.

आणखी एक, १९९० पर्यंत आंतरराष्ट्रीय शिफारस वर्षाला ५० मिलिसिव्हर्टची होती. नंतर ती २० च्या सरासरीवर आणली. बाबांची सुरुवातीची वर्षं जुन्या मर्यादेच्या काळातली आहेत. तेव्हा "मर्यादेच्या आत" असलेला डोस आजच्या मर्यादेच्या बाहेरचा असू शकतो.

वकील_खंडपीठ

छत्रपती संभाजीनगरहून. फौजी पेन्शनची कामं करतो.

२०११ ची निवृत्ती म्हणजे २००८ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे अशा पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम लागतात. त्यात निवृत्तीनंतर निघालेल्या आजाराची वेगळी तरतूद आहे. निवृत्तीनंतर सात वर्षांच्या आत आजार दिसला, आणि त्याची सुरुवात सेवेतल्या परिस्थितीनं आधीच झाली होती असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवलं, तर तो सेवेमुळे झालेला मानता येतो. तुमचा आजार पाच वर्षांत निघाला. तुमचं अपील याच तरतुदीवर उभं करा. पुराव्याचा भारही साधारणपणे सैनिकावर नसतो. निवृत्तीला पंधरा वर्षं उलटल्यावर दावा टाकला तर मात्र तो दावेदारावर येतो. तुमचा दावा त्याच्या आतला आहे.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सला आजारांच्या याद्या जोडलेल्या आहेत. सेवेशी सहसा संबंध नसलेल्या आजारांच्या यादीत कॅन्सर आहे, आणि बोर्डं बहुतेक त्याच सवयीनं कॅन्सर दिसला की नकार लिहितात. पण त्याच यादीत ल्युकेमियापुढं अपवाद छापलेला आहे: किरणोत्सर्गाचा परिणाम सोडून. म्हणजे किरणांमुळे झालेला ल्युकेमिया सेवेशी जोडता येतो, हे संरक्षण मंत्रालयानं १९८२ मध्येच मान्य केलेलं आहे. तुम्हाला २००८ चे नियम लागू असले तरी ही ओळ अपिलात जशीच्या तशी टाका. रेडिओग्राफरच्या ल्युकेमियाला हा अपवाद का लावला नाही, याचं उत्तर त्यांना द्यावंच लागेल.

मार्ग असा: पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अपिलांची मुदत सहा महिन्यांची, न्यायाधिकरणातही अंतिम आदेशापासून सहा महिने, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. तरसेम सिंग निकालानं (२००८) पेन्शनची चूक ही दर महिन्याला चालू राहणारी चूक मानली आहे. त्यामुळं उशिरा गेलात तरी दार बंद होत नाही, फक्त मागची थकबाकी साधारणपणे तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून आणखी थांबू नका.

सुभेदार_परभणी

वकीलसाहेब, ही सात वर्षांची अट मला खटकते. डॉक्टरसाहेब वर म्हणतात की फुप्फुसाच्या, जठराच्या गाठीला दहा वर्षांच्या वर लागतात. मग ज्या जवानाला ल्युकेमिया झाला तो नशिबानं अटीत बसला, आणि ज्याला फुप्फुसाचा झाला तो बाहेर? आजार उशिरा उगवतो म्हणून हक्क संपतो का? ३८-४० व्या वर्षी पेन्शनला आलेला माणूस ५५ व्या वर्षी आजारी पडला तर त्यानं कुणाकडं जायचं?

वकील_खंडपीठ

सुभेदारसाहेब, नियम सगळ्या आजारांना एकच माप लावतो, आणि किरणांच्या बाबतीत ते माप चुकीचं आहे. न्यायाधिकरणात यावर भांडता येतं, पण खरं म्हणजे नियमच बदलायला हवा.

नांदेडकर_ह्यूस्टन

इथली गोष्ट सांगतो, तुलना करायला उपयोगी पडेल. अमेरिकेनं हवेत अणुचाचण्या केल्या तेव्हा दोन लाखांहून जास्त सैनिक त्यात सामील होते. नेवाडात ३१ ऑगस्ट १९५७ ला "स्मोकी" नावाची चाचणी झाली. तिथं हजर असलेल्या एका सैनिकाला पुढं ल्युकेमिया झाला, त्याचा दावा गाजला आणि सरकारी आरोग्यसंस्थेनं त्या चाचणीतल्या ३,२२४ जणांचा मागोवा घेतला. साडेतीनच्या आसपास ल्युकेमिया अपेक्षित होते, ९ निघाले. हा अभ्यास १९८० ला छापून आला.

दावे तरीही फेटाळले जात होते, कारण डोसच्या नोंदी अर्धवट. त्यातच १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागून दीड कोटींहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यात १९६० च्या आधी निवृत्त झालेल्या आर्मीवाल्यांच्या जवळपास ८० टक्के फायली गेल्या. शेवटी १९८८ ला कायदा आला: चाचणीला हजर होता आणि यादीतला कॅन्सर झाला, एवढं पुरे. डोस सिद्ध करायची गरज नाही. यादीत सुरुवातीला १३ आजार होते, पुढं २१ झाले. २०२२ च्या कायद्यानं पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक या जुन्या अणुचाचण्यांच्या बेटावर १९७७ ते १९८० मध्ये किरणोत्सर्गी माती उचलणारे सैनिकही त्यात घेतले.

ताई, एक लक्षात घ्या, एक्स-रे टेक्निशियन इथंही त्या आपोआपच्या यादीत येत नाही. त्याला दुसरा रस्ता आहे, त्यात डोस बघून निर्णय होतो. पण त्यासाठी किरणांजवळ काम करणाऱ्या सैनिकाच्या डोसनोंदीचा एक ठरलेला फॉर्म असतो, डीडी ११४१, आणि दावा आला की विभाग स्वतः तो मागवतो. सैनिकाच्या मुलीला तो शोधत फिरावं लागत नाही.

रडारवाला_बीड

मी एअर डिफेन्समध्ये रडारवर होतो. आमच्या जुन्या सेटांसमोर उभं राहिलं की अंग तापायचं. माझ्याबरोबरच्या दोघांना कॅन्सर झाला. आमचं यात काही बसतं का?

एक्सरेवाला_जालना

भाऊ, रडारच्या लहरी वेगळ्या. त्या तापवतात, डोळ्याला त्रास देऊ शकतात, पण एक्स-रेसारख्या पेशीतला डीएनए तोडत नाहीत. त्या या विषयात येत नाहीत.

डॉक्टर_अंबाजोगाई

लहरींबद्दल जालन्याच्या मित्रांचं बरोबर आहे. पण जुन्या रडारच्या आतल्या उच्च दाबाच्या नळ्या चालू असताना एक्स-रेही सोडतात. कॅबिनेटचं झाकण उघडून, सेट चालू ठेवून दुरुस्ती करणाऱ्याला ते लागतात. जर्मनीत यावरून मोठा लढा झाला. २००३ ला तिथल्या तज्ज्ञ आयोगानं अहवाल दिला. १९७५ पर्यंत रडार तंत्रज्ञांचा डोस नीट मोजलाच गेला नव्हता, तेव्हा त्या काळात अशी दुरुस्ती केलेल्या माणसाला कॅन्सर झाला तर सीएलएल सोडून बाकीचे मान्य करावेत, अशी शिफारस केली. मोजमाप झालं नाही याचा तोटा सैनिकानं सोसायचा नाही, हे त्यांनी सरळ मान्य केलं. बीडच्या दादांनी आपल्या मित्रांबद्दल एवढंच बघावं: ते ऑपरेटर होते की झाकण उघडून काम करणारे मेकॅनिक?

रडारवाला_बीड

एक ऑपरेटर, एक मेकॅनिक. मेकॅनिकच्या घरच्यांना हा धागा पाठवतो. तो मित्र गेल्या साली वारला.

वकील_खंडपीठ

त्यांच्या पत्नीला सांगा, मृत्यू सेवेमुळे झालेल्या आजारानं झाला असं ठरलं तर विशेष कुटुंब पेन्शन मिळते, शेवटच्या पगाराच्या ६० टक्के. साध्या कुटुंब पेन्शनहून ती बरीच जास्त आहे. त्यांच्या निवृत्तीची आणि निदानाची तारीख कळवा, कुठले नियम लागतात ते बघून सांगतो. मुदतीचा प्रश्न तिथं येणार आहे, पण कागद बघितल्याशिवाय नाही म्हणणार नाही.

उदगीरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना धागा वाचून दाखवला. बॅजचा नंबर त्यांच्या जुन्या कोर्स सर्टिफिकेटच्या मागं पेन्सिलनं लिहिलेला सापडला. एप्रनची दुमड कमरेच्या वर, बरगडीच्या खाली यायची असं त्यांनी उभं राहून दाखवलं.

माहिती अधिकाराचे दोन अर्ज तयार केलेत. एकात बाबांच्या सेवाकाळातली डोसची संपूर्ण नोंद, दर तिमाहीची, मागितली आहे. दुसऱ्यात बोर्डानं निर्णय देताना कुठले कागद पाहिले त्याची यादी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं मानक सांगतं की कामगाराच्या डोसची नोंद तो ७५ वर्षांचा होईपर्यंत आणि काम सोडल्यावर किमान ३० वर्षं जपावी. बाबांना काम सोडून अजून तेवढी वर्षं झालेली नाहीत, ते ७५ चेही झालेले नाहीत. तेव्हा "नोंद उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर तेच अपिलाला जोडणार आहे.

अपिलातला मुख्य परिच्छेद असा लिहिलाय, वकीलसाहेब बघून सांगा:

"अपीलकर्ता पूर्ण सेवाकाळ रेडिओग्राफर या ट्रेडमध्ये होता. त्याचा डोस शासनानं बॅजद्वारे मोजला. निवृत्तीनंतर सात वर्षांच्या आत त्याला किरणोत्सर्गाशी संबंध मान्य असलेला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया झाला. वैद्यकीय मंडळानं डोसची नोंद मागवली नाही, तपासली नाही आणि नकाराचं कारण दिलं नाही. सबब हा अभिप्राय रद्द करून डोसची नोंद समोर ठेवून नव्यानं मंडळ बसवावं."

वकील_खंडपीठ

चांगला आहे. शेवटी पर्यायी मागणी जोडा: नोंद सादर झाली नाही तर शंकेचा फायदा देऊन आजार सेवेमुळे झाल्याचं मान्य करावं. आणि सोबत काम केलेल्या एखाद्या माणसाचं प्रतिज्ञापत्र असेल तर एप्रनची गोष्ट नुसती तुमच्या बाबांच्या सांगण्यावर राहणार नाही.

उदगीरची_लेक

जोडते. १९९० ते २००५ या काळात फील्ड हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात, डार्करूममध्ये किंवा नर्सिंग असिस्टंट म्हणून काम केलेले आपल्याकडचे कोणी माजी सैनिक असतील तर कृपया मला इथंच निरोप टाका. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना, कुठंही असा, मी प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन घरी येईन.